वाळले म्हणजे वाचले नव्हे : भिजलेल्या लॅपटॉपचे काय दुरुस्त करावे, काय बदलावे

लॅपटॉपवर चहा, पाणी किंवा सरबत सांडल्यावर होणारी हानी दोन वेगवेगळ्या गतींनी घडते, आणि भिजलेला भाग दुरुस्त करावा की बदलावा, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन गतींमधील फरकावर अवलंबून असते. पहिली हानी तत्क्षणी होते. ज्या दोन बिंदूंमध्ये वीज वाहता कामा नये त्यांच्यात द्रवाचा पूल तयार होतो, वीज आडवाटेने धावते आणि एखादा नाजूक घटक जळून जातो; दुकानांच्या भाषेत यालाच ‘शॉर्ट होणे’ म्हणतात. दुसरी हानी सावकाश होते. ती म्हणजे धातूचे क्षरण, म्हणजेच तांबे, कथिल आणि चांदी यांचे ओलाव्याच्या व विजेच्या संगतीने होणारे झिजणे आणि गंजणे. लॅपटॉप वाळून पुन्हा सुरू झाला की संकट टळले असे वापरणाऱ्याला वाटते, परंतु नेमक्या त्याच काळात ही दुसरी हानी आत चालू असते, आणि काही आठवड्यांनी किंवा एखाद्या दमट पावसाळ्यात यंत्र बंद पडते तेव्हा त्या बंद पडण्याचा संबंध मागे केव्हातरी सांडलेल्या चहाशी जोडण्याचेही कोणाला सुचत नाही.

या प्रक्रियेचे मूळ समजून घेण्यासाठी आपल्याकडच्या दुधाच्या चहाचेच उदाहरण घेणे योग्य ठरेल. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करत नाही. नळाच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार त्याला वाहक बनवतात, कारण क्षार विरघळताना त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात मोकळे होतात. चहात हे क्षार असतात, दुधातील खनिजे असतात, शिवाय दुधातील स्निग्धांश, प्रथिने आणि साखर असते. साखर स्वतः वीज वाहून नेत नाही, आणि म्हणूनच तिचा उपद्रव सहज लक्षात येत नाही. पाणी उडून गेले तरी साखर व प्रथिने यांचा चिकट थर मागे उरतो, तो आपल्यात क्षार धरून ठेवतो आणि हवेतील ओलावा शोषून घेत राहतो. उन्हाळ्यात कोरडा वाटणारा हा थर जुलै महिन्याच्या हवेत पुन्हा ओलसर होतो आणि थांबलेले क्षरण पुन्हा सुरू होते. कोलासारख्या पेयांत फॉस्फोरिक आम्ल असते, त्यामुळे तेथे आम्लाची भर पडते. नारळपाण्यात पोटॅशियमचे प्रमाण भरपूर असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि म्हणून किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात पडलेल्या लॅपटॉपची अवस्था नळाच्या पाण्याने भिजलेल्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी वाईट होते. काय सांडले आणि किती सांडले, हे दोन्ही तपशील दुरुस्तीकाराला खरे सांगणे म्हणूनच अत्यंत आवश्यक असते. संकोचापोटी ‘आपोआपच बंद पडला’ असे सांगणारा ग्राहक दुरुस्तीचा खर्च स्वतःच वाढवून घेतो.

क्षरणाला वेग देणारी गोष्ट मात्र केवळ ओलावा नसून विजेचा दाब ही आहे. शाळेतील प्रयोगात क्षारयुक्त पाण्यात दोन तांब्याच्या पट्ट्या बुडवून त्या बॅटरीला जोडल्या, की धन टोकाला जोडलेली पट्टी विरघळू लागते आणि तिचे तांबे दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसते. या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर, म्हणजे ज्या मुख्य पाटीवर सर्व चिपा बसवलेल्या असतात तिच्यावर, तांब्याचे केसाहून बारीक मार्ग एकमेकांच्या अगदी जवळून जातात, आणि त्यांच्यावर ओल बसली की हाच प्रयोग तेथे शेकडो ठिकाणी एकाच वेळी सुरू होतो. धन दाब असलेला मार्ग झिजत झिजत तुटतो आणि त्याचा धातू शेजारच्या मार्गाकडे झाडाच्या फांद्यांसारखा वाढत जाऊन नवा शॉर्ट निर्माण करतो. भिंगाखाली दिसणारी हिरवी-निळी बुरशीसारखी पूड म्हणजे तांब्याचे क्षार होत, तर पांढरी पूड बहुधा कथिलाच्या डाखातून आलेली असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लॅपटॉप बंद केला की आतील वीज थांबते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण वस्तुस्थिती तशी नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डच्या काही भागांत वीज सतत खेळत असते, कारण बटण दाबल्याची दखल घेण्यासाठी एक छोटी चिप कायम जागी ठेवावी लागते. तीन सेलांच्या बॅटरीत पूर्ण भारित अवस्थेत १२.६ व्होल्ट दाब असतो आणि बहुतेक चार्जर १९ ते २० व्होल्ट पुरवतात. याखेरीज अनेक लॅपटॉपांत घड्याळ चालू ठेवण्यासाठी नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा स्वतंत्र सेल असतो, आणि मुख्य बॅटरी काढल्यावरही तो आपले काम करत राहतो. घाईघाईने केलेल्या सफाईत हाच सेल अनेकदा विसरला जातो. त्यामुळे द्रव सांडल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे केले जाते त्यावर पुढची सारी दुरुस्ती ठरते. चार्जर काढावा, बटण दाबून धरून यंत्र सक्तीने बंद करावे, ते उघडे ठेवून तंबूसारखे उपडे करावे म्हणजे बिजागरी वर राहील व द्रव मदरबोर्डकडे न जाता कडेने गळेल, आणि जमत असेल तर मागचे झाकण काढून बॅटरीची जोडणी सोडवावी. ‘चालतो का बघू’ म्हणून मध्येच सुरू करून पाहणे हा सर्वांत महाग पडणारा प्रयोग होय, कारण तोवर केवळ ओला असलेला भाग त्या एका क्षणात जळू शकतो.

तांदळात लॅपटॉप पुरून ठेवण्याच्या उपायाची चर्चा येथे थोडक्यात आटोपता येईल. तांदूळ आजूबाजूच्या हवेतील ओलावा थोडाबहुत घेतो, पण चिपेखाली शिरलेले पाणी तो ओढून काढू शकत नाही, क्षार व साखर यांना तर तो स्पर्शही करत नाही, उलट त्याची पूड फटींमध्ये जाऊन बसते. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवाही द्रवाला आणखी आत ढकलते. वाळवणे ही सफाईनंतरची पायरी आहे. सफाईच्या जागी केलेले वाळवणे म्हणजे मीठ आणि साखर बोर्डवर पक्की बसवणे होय.

यानंतर खरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या रूपात विचारला जातो. ‘लॅपटॉप वाचेल की नवा घ्यावा?’ असे विचारल्याने एका यंत्रातील निरनिराळ्या स्वभावाच्या दहा-बारा भागांना एकच उत्तर लागू होते. प्रत्यक्षात ज्या भागाच्या पृष्ठभागावर द्रव पसरतो, त्या भागाला स्वच्छ करता येते. ज्या भागाच्या पदरांमध्ये द्रव शिरतो, तो भाग सहसा बदलावाच लागतो. आणि ज्या भागाच्या बिघाडाने आग लागू शकते, त्याच्या बाबतीत दुरुस्तीचा विचारही करू नये. या तीन कसोट्या लावल्या की निर्णयाचा बराचसा भाग आपोआप ठरतो, आणि उरलेला अवघड भाग मदरबोर्डपुरता मर्यादित होतो.

कीबोर्ड हा दुसऱ्या कसोटीचा नमुना आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डात बटणांखाली प्लॅस्टिकच्या तीन पातळ चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर चांदीयुक्त शाईने वाहक रेषा छापलेल्या असतात. द्रव या चकत्यांच्या मध्ये केशाकर्षणाने, म्हणजे कापडाच्या वातीत तेल चढावे तसा, ओढला जातो, आणि चकत्यांच्या कडा चिकटवलेल्या असल्याने त्यांना मोकळे करून पुसता येत नाही. धुतलेला कीबोर्ड काही दिवस चालतो, मग एखादे अक्षर आपोआप उमटू लागते किंवा एखादी रांगच बंद पडते. त्यामुळे साखर असलेले पेय सांडले असेल, तर कीबोर्ड बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. खर्चाचे गणित मात्र त्याच्या बसवणीवर अवलंबून असते. स्क्रूंनी बसवलेला कीबोर्ड काही मिनिटांत निघतो. अनेक पातळ लॅपटॉपांत तो प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या आवरणाला कायमचा जोडलेला असतो, आणि ॲपलच्या अनेक मॅकबुकमध्ये वरचे आवरण, कीबोर्ड व चिकटवलेली बॅटरी असा एकत्र संचच बदलला जातो. याउलट थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत कीबोर्डखाली पाणी वाहून जाण्यासाठी नाल्या ठेवलेल्या असतात. यंत्राची रचना करणाऱ्याने आधीच विचार केला, तर दुरुस्तीचा खर्च किती कमी होऊ शकतो, याचे ते चांगले उदाहरण आहे.

कीबोर्डविषयी आणखी एक गोष्ट सामान्य ग्राहकाला ठाऊक असायला हवी, कारण तिच्या अज्ञानापोटी चांगले मदरबोर्ड निकामी ठरवले जातात. पुष्कळ लॅपटॉपांत सुरू करण्याचे बटण कीबोर्डातच असते. कीबोर्ड आतून शॉर्ट झाला, तर ते बटण सतत दाबलेले आहे असे बोर्डाला वाटते किंवा ते कधीच दाबले जात नाही, आणि यंत्र पूर्णपणे मृत असल्यासारखे दिसते. टचपॅड, यूएसबीची छोटी पाटी किंवा पंखा यांतील शॉर्टही अशाच रीतीने मुख्य बोर्डाला सुरू होऊ देत नाही. चांगला कारागीर म्हणूनच बोर्डाला हात लावण्यापूर्वी हे सारे भाग एकेक करून सोडवतो आणि उघडा बोर्ड स्वतंत्रपणे सुरू होतो का, ते तपासतो. ‘बोर्ड गेला’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला ‘कीबोर्ड काढून पाहिला का?’ असे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

बॅटरीच्या बाबतीत चर्चेला जागाच नाही. लिथियम-आयन सेल बंदिस्त असले तरी त्यांच्याशेजारी एक संरक्षक पाटी असते, आणि सेल मर्यादेबाहेर भारित होऊ नयेत, फार तापू नयेत, शॉर्ट झाल्यास जोडणी तुटावी, ही कामे ती करत असते. द्रवाने ही पाटी बिघडली, तर बॅटरी चालत राहते, पण तिच्यावरचा पहारा उठलेला असतो. अशा बॅटरीत उष्णतेची अनियंत्रित साखळी सुरू होऊन आग लागू शकते. द्रव आत पोहोचलेली, फुगलेली किंवा गंजाचे डाग असलेली बॅटरी न उघडता, न टोचता वेगळी काढून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी आणि नवी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आहे ना, हे पाहावे. या एका भागावर पैसे वाचवण्याचा मोह घराच्या सुरक्षिततेशी तडजोड करणारा आहे.

स्क्रीन हाही पदरांचाच भाग आहे. काचेमागे प्रकाश समान पसरवणाऱ्या पातळ चकत्या असतात आणि त्यांच्यात पाणी शिरले की ढगासारखे डाग कायमचे राहतात. विशेष म्हणजे स्क्रीन बिघडण्यासाठी ग्लासभर पाणी सांडावेच लागते असे नाही. स्वच्छ करण्यासाठी थेट स्क्रीनवर मारलेला फवारा ओघळून खालच्या कडेत उतरतो, आणि चित्र घडवणाऱ्या नाजूक जोडण्या नेमक्या तेथेच असल्याने उभ्या रेषा उमटू लागतात. डाग कोपऱ्यात असेल आणि काम अडत नसेल, तर तसाच वापर चालू ठेवण्यात काही गैर नाही. एरवी पॅनेल बदलावे आणि ते मागवताना जुन्या पॅनेलच्या पाठीवरील क्रमांक व जोडणीच्या पिनांची संख्या जुळवून घ्यावी. स्पीकर, पंखा, वायफाय कार्ड यांसारखे भाग स्वस्त असतात, त्यांच्यावर कारागिराचा वेळ खर्च करण्यापेक्षा ते बदललेले बरे. उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी व पत्रा मात्र धुऊन, नवी थर्मल पेस्ट लावून पुन्हा वापरता येतो.

आता मदरबोर्ड. लॅपटॉपमधला हाच बहुधा सर्वांत महाग भाग, आणि दुरुस्तीला सर्वाधिक वाव असलेलाही हाच. याचे कारण असे, की बोर्ड हा एक भाग वाटत असला तरी प्रत्यक्षात तो शेकडो स्वतंत्र घटकांचा समूह आहे आणि द्रवाने त्यांतील मोजकेच घटक बिघडवलेले असतात. कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे सहसा पूर्ण बोर्ड बदलतात. त्यामागे कामाचा वेग, सर्वत्र सारखी पद्धत आणि हमी देण्याची सोय ही कारणे असतात व ती समजण्याजोगी आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर मात्र ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती या नावाने ओळखले जाणारे कौशल्य विकसित झाले आहे. बिघडलेला नेमका घटक शोधून तेवढाच काढणे व त्याच्या जागी दुसरा बसवणे, असा या शब्दाचा अर्थ आहे.

या दुरुस्तीची पहिली पायरी सफाई ही असते, आणि तिच्यातच बहुतेक उणिवा राहतात. बोर्ड साफ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे लवकर उडून जाणारे व धातूला न गंजवणारे द्रावण, सर्वत्र वापरले जाते. ते पाणी हटवते, तेलकटपणा काढते, पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे दुधाचा चहा सांडलेला बोर्ड केवळ अल्कोहोल व ब्रशने घासला, तर तो चकचकीत दिसतो आणि साखरेचा थर चिपांच्या पोटाखाली तसाच राहतो. असा बोर्ड आधी क्षारविरहित पाण्याने किंवा त्यासाठी बनवलेल्या सौम्य द्रावणाने धुवावा लागतो. ज्या पाण्यापासून बोर्ड वाचवायचा त्याच पाण्यात तो बुडवायचा, हे ऐकायला विपरीत वाटते. परंतु वीज पूर्णपणे तोडलेली असताना आणि पाण्यात क्षार नसताना विद्युत अपघटन होऊ शकत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र येथे मोलाचे ठरते. सेकंदाला सुमारे ४० हजार कंपनांनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही अशा जागीही मळ सुटतो. त्यानंतर अल्कोहोलने पाणी हटवायचे आणि मंद उष्णतेत काही तास वाळवायचे, हा खरा क्रम आहे.

सफाईनंतरच्या तपासणीत बोर्डाची तीन प्रकारची अवस्था आढळते. काही ठिकाणी गंज केवळ वरवर असतो, तो निघाला की बोर्ड सुरू होतो. काही ठिकाणी एखादा धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा तांदळाच्या कणाएवढा घटक, शॉर्ट झालेला असतो. मल्टिमीटरने रोध मोजून किंवा नियंत्रित वीज सोडून कोणता घटक तापतो हे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पाहून तो हुडकता येतो. तुटलेल्या मार्गावर बारीक तारेचा ‘जंपर’ टाकता येतो. चार्जिंगची चिप, बटण दाबल्याची दखल घेणारी आयओ चिप किंवा वीज नियंत्रित करणारे मॉस्फेट बदलता येतात. या मर्यादेपर्यंत दुरुस्ती हीच श्रेयस्कर असते. तिसऱ्या अवस्थेत मात्र थांबावे. मदरबोर्ड हा तांब्याच्या अनेक थरांचा बनलेला असतो. आतील थरच जळले, तर तेथे जंपर पोहोचत नाही. तसेच प्रोसेसरच्या पोटाखाली डाखाचे शेकडो गोल ठिपके असतात, त्यांना गंज चढला तर प्रोसेसर उचलून पुन्हा बसवण्याचे काम खर्चिक तर होतेच, शिवाय ते टिकेल याची खात्री कोणताही प्रामाणिक कारागीर देत नाही.

द्रव नेमका कोठे पोहोचला, यालाही प्रमाणाएवढेच महत्त्व असते. ॲपलच्या अनेक मॅकबुकमध्ये स्क्रीनमागील दिव्यांसाठी चाळीस-पन्नास व्होल्टच्या घरातील दाब बोर्डावरच तयार करून तो स्क्रीनच्या जोडणीतून पाठवला जातो, आणि त्याच जोडणीत शेजारी चित्राचा संदेश नेणाऱ्या, जेमतेम व्होल्टभर दाब सोसणाऱ्या तारा असतात. तेथे पाण्याचा एक थेंब बसला, तरी तो मोठा दाब थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचू शकतो. वाटीभर पाणी सांडूनही एखादा बोर्ड वाचतो आणि दोन थेंबांनी दुसरा कायमचा जातो, तो याच कारणाने.

बदलीच्या बोर्डाचाही एक इतिहास असतो आणि तो ग्राहकाला सांगितला जात नाही. बाजारात मिळणारे पुष्कळ बोर्ड मोडीत निघालेल्या यंत्रांतून आलेले असतात, आणि त्यांतील काही स्वतःच कधीकाळी भिजलेले असू शकतात. शिवाय विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची परवाना-कळ बोर्डावरील चिपेतच नोंदवलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलला की ती जुन्या बोर्डाबरोबर जाते. मॅकबुकमध्ये बोटाचा ठसा ओळखणारे बटण मूळ बोर्डाशीच जोडलेले असते. नव्या बोर्डाने यंत्र सुरू होते, पण ते पूर्वीचेच यंत्र राहत नाही.

या सर्वांहून मोठा प्रश्न आत साठवलेल्या माहितीचा आहे, आणि निर्णयाची सुरुवात खरे तर याच प्रश्नापासून व्हायला हवी. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध, एखाद्या छोट्या व्यापाऱ्याचे हिशेब, एखाद्या कुटुंबाची छायाचित्रे यांची प्रत दुसरीकडे नसेल, तर लॅपटॉपची बाजारातील किंमत हा निकषच गैरलागू ठरतो. ज्या लॅपटॉपांत साठवण वेगळ्या एसएसडी पट्टीवर असते, तेथे ती पट्टी काढून, तिची टोके स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रात वाचता येते. परंतु २०१८ पासून टी२ चिप असलेल्या आणि २०२० पासून एम१ व पुढील चिपा असलेल्या मॅकबुकमध्ये माहिती अशा रीतीने कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात बंदिस्त केलेली असते, की तिची किल्ली त्या विशिष्ट चिपेतच राहते. साठवणीच्या चिपा काढून दुसरीकडे लावून उपयोग होत नाही. तोच बोर्ड निदान एकदा सुरू करावा लागतो. अनेक विंडोज लॅपटॉपांतही बिटलॉकर ही कूटबद्धता असते, आणि बोर्ड बदलल्यावर तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ हाताशी नसेल, तर पूर्णपणे शाबूत असलेली एसएसडीसुद्धा उघडत नाही. म्हणून दुकानात लॅपटॉप देताना पहिले वाक्य ‘माहिती हवी आहे’ किंवा ‘माहिती नको, यंत्र हवे’ हे असावे. यंत्र कायमचे टिकवण्यासाठी करावयाची दुरुस्ती आणि माहिती उतरवून घेण्यापुरते काही तास बोर्ड जिवंत ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम कितीतरी गंजलेल्या बोर्डावरही साधता येते. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला हवेच्या दाबासाठी बारीक छिद्र असते. ती चिखलाच्या पाण्यात बुडाली असेल, तर तिला वीज न देता माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेकडेच सोपवावी.

पुराच्या पाण्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पाण्यात गाळ, सांडपाणी आणि शेतातील खतांचे क्षार मिसळलेले असतात, आणि यंत्र त्यात काही मिनिटे नव्हे तर काही दिवस राहते. येथे पंखा, कीबोर्ड, बॅटरी, स्क्रीन या सर्वांवर पाणी सोडणे भाग असते. एसएसडी पट्टी आणि बोर्डावरून काढता येणारी रॅम एवढेच भाग धुऊन पाहण्याजोगे उरतात. ज्या घरांत असे नुकसान झाले तेथे संपूर्ण लॅपटॉपच्या दुरुस्तीची आशा दाखवणे अन्यायाचे ठरेल.

पैशाच्या हिशेबात एक ठोकताळा वापरला जातो : दुरुस्तीचा खर्च तशाच वापरलेल्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर नवे घ्यावे. हा ठोकताळा कीबोर्ड किंवा स्क्रीनसाठी उपयोगी आहे, पण बोर्डासाठी अपुरा आहे, कारण बोर्डाच्या दुरुस्तीत खर्चाबरोबर अनिश्चितताही विकत घ्यावी लागते. सहा-सात वर्षे वापरलेल्या, रॅम बोर्डावरच डाखलेल्या आणि पुढे वाढवता न येणाऱ्या यंत्रावर मोठी रक्कम घालणे व्यर्थ आहे. दोन वर्षांच्या चांगल्या यंत्राची दुरुस्ती निम्म्याहून थोडी महाग पडली, तरी ती करण्यात अर्थ असू शकतो. नेहमीच्या वॉरंटीत द्रवाने झालेली हानी सहसा धरली जात नाही, आणि आत चिकटवलेले, ओल लागताच पांढऱ्याचे लाल होणारे छोटे दर्शक-तुकडे ती हानी उघड करतात. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतले असेल, तर मात्र लॅपटॉप बाहेरच्या दुकानात उघडण्यापूर्वी कंपनीकडेच न्यावा. बाहेर दुरुस्ती करवून घेताना सफाईपूर्वीच्या बोर्डाची छायाचित्रे मागावीत, बदललेले जुने भाग परत घ्यावेत आणि कोणता घटक बदलला हे पावतीवर लिहून घ्यावे. ‘धुऊन दिला, चालू झाला’ एवढ्यावरच काम संपवणाऱ्या दुकानापेक्षा गंजलेल्या जागा दाखवून ‘येथे पुढे त्रास होऊ शकतो’ असे सांगणारा कारागीर अधिक भरवशाचा असतो.

या साऱ्या निर्णयांमागे सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे मिळतात की नाही, हा प्रश्न उभा असतो. कोणता घटक कोठे आहे व त्यावर किती दाब असायला हवा, हे दाखवणारे आराखडे कंपन्या सहसा खुले करत नाहीत, आणि कारागिरांना ते मिळेल त्या मार्गाने गोळा करावे लागतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी गुणांचा ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ छापणे बंधनकारक केले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे पोर्टल सुरू झाले. खरेदीच्या वेळीच कीबोर्ड वेगळा निघतो का, एसएसडी काढता येते का, बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूंनी बसवलेली आहे, हे ग्राहकाला कळू लागले, तर सांडलेल्या कपभर चहाची किंमत त्याला आधीच ठाऊक असेल. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याचे नोंदणीकृत रीतीने संकलन व पुनर्चक्रीकरण झाले. लॅपटॉपच्या आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वाचलेला बोर्ड ही खरी बचत असते.

ज्या बोर्डाचे आतील थर जळालेले असतात, त्याचीही कारागिराच्या दृष्टीने विल्हेवाट लगेच लागत नाही. त्याला ‘डोनर’ म्हणून बाजूला ठेवतात, त्याच्या कोरड्या राहिलेल्या कडेवरील आयओ चिप, मॉस्फेट, जोडण्या गरम हवेने उचलतात, तपासतात, आणि त्याच मॉडेलचा दुसरा एखादा भिजलेला बोर्ड टेबलावर आला की त्या तेथे बसवतात. ग्राहकाने निकामी झालेला बोर्ड रागाने कचऱ्यात न टाकता दुकानात ठेवला किंवा ई-कचरा केंद्रात दिला, तर कोणा दुसऱ्याच्या यंत्रात त्यातील चार-दोन चिपा पुढची काही वर्षे काम करत राहतात.